भाताला मिळाले ते मुलाला का नाही?

रायगड जिल्ह्यातल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रात एखादे नवे वाण चाचणीला येते तेव्हा त्याला नाव नसते, क्रमांक असतो. त्याला आयईटी क्रमांक म्हणतात. देशभरातल्या ज्या ज्या केंद्रांवर त्या वाणाची चाचणी चालू असेल, तिथे ते याच क्रमांकाने ओळखले जाते. वाफा केवढा, ओळींत अंतर किती, निम्म्या लोंब्या बाहेर पडल्याचा दिवस कोणता धरायचा, नोंद कोणत्या तक्त्यात करायची, हे सगळे आधी ठरलेले असते. १९६५ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाने ही शिस्त घालून दिली. म्हणून कर्जतचा आकडा कटकच्या आकड्याशेजारी मांडता येतो आणि दोघांच्या फरकाचा अर्थ लावता येतो. एका केंद्राने दुसऱ्याची भाषा नव्याने शिकायची गरज पडत नाही.

याच तालुक्यात कशेळ्यावरून खांडसच्या दिशेने वर चढत गेले, की भीमाशंकरच्या डोंगराखाली ठाकूर आणि कातकरी वाड्या लागतात. तिथल्या दीड वर्षाच्या मुलाची नोंद कोण कोण करते ते पाहा. अंगणवाडी सेविका त्याचे वजन-उंची पोषण ट्रॅकरमध्ये भरते. आशाताई आपल्या वहीत लिहिते. उपकेंद्राची नर्सबाई लसीकरण दुसरीकडे चढवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याचे फॉर्म वेगळे. मुंबई जवळ असल्याने कंपन्यांच्या सामाजिक निधीवर चालणाऱ्या संस्था येतात, त्यांचे आपापले ॲप असते. कधी एखादी संशोधन संस्था वर्षभराचा अभ्यास घेऊन येते आणि टॅबवर प्रश्नावली भरून घेते. मूल एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याला वेगळा क्रमांक, इंग्रजी अक्षरांत वेगळ्या स्पेलिंगचे नाव आणि बऱ्याचदा वेगळी जन्मतारीख. यातल्या कोणत्याही दोन नोंदी शेजारी ठेवून ‘हे तेच मूल’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोबाईलच्या आधारे होणाऱ्या आरोग्य संशोधनाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा फोनपासून सुरू होते आणि ॲपपाशी संपते. कर्जत आणि शेजारच्या खालापूर तालुक्यांत फोन कमी नाहीत आणि ॲप तर नकोत इतकी आहेत. नाही ती त्यांच्याखालची सामाईक जमीन. वाड्या-कुटुंबांची एक खात्रीची यादी, मोजमापांची एकसारखी व्याख्या, कोणालाही वापरता येतील अशी खुली साधने, संमतीची एक रीत आणि या सगळ्याचा सार्वजनिक धनी, अशी ती जमीन. रस्ता, नळपाणी योजना, बंधारा ही जशी सार्वजनिक कामे आहेत तसेच हेही सार्वजनिक काम आहे. ते ज्याच्या त्याच्या प्रकल्पावर सोडून दिले म्हणून संशोधनाचा पैसा दरवेळी पाया खणण्यातच संपतो, आणि प्रकल्प संपला की तो खड्डाही बुजतो.

मोजमापाचेच बघू. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे निजवून मोजायची, त्यावरच्या मुलाची उंची उभे करून. एकाच मुलाची आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने जास्त भरते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या वाढ-मानकांत हा फरक गृहीत धरलेला आहे. आता अडीच वर्षांचे मूल उभे राहायला तयार नाही, रडते आहे, आईचा पदर सोडत नाही. सेविका त्याला निजवून मोजते आणि आकडा भरते. मूल आडवे होते की उभे, हे ॲपने विचारलेच नाही तर कागदावर ते मूल पाऊण सेंटिमीटर उंच होते. उंची वाढली म्हणून खुजेपणा कमी दिसतो आणि त्याच वजनाला उंची जास्त म्हणून ते अधिक हडकुळे दिसते. एका मुलाच्या बाबतीत हा फरक किरकोळ वाटेल. पण एका संस्थेने आडवे-उभे नोंदवले, दुसरीने नाही, आणि दोघींच्या आकड्यांवरून ‘या वर्षी कुपोषण घटले की वाढले’ असा वाद तालुक्याच्या सभेत रंगला, तर तो वाद हवेतला असतो.

दंडाच्या पट्टीचेही तसेच. पट्टी ११.५ सेंटिमीटरखाली गेली की तीव्र कुपोषण. पण वजन-उंचीच्या निकषाने तीव्र कुपोषित ठरणारी मुले आणि पट्टीने ठरणारी मुले ही बऱ्याच अंशी निरनिराळी असतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. एका प्रकल्पाने पट्टी वापरली, दुसऱ्याने काटा आणि उंचीमापक वापरला, तर दोघांची ‘तीव्र कुपोषित’ मुले एका बेरजेत धरता येत नाहीत. हिमोग्लोबिन बोट टोचून पाहिले की शिरेतून रक्त घेऊन, यानेही आकडा हलतो. जन्मतारखेचा तिढा तर सर्वांत मोठा. घरी बाळंत झालेली आई सांगते, भातलावणी चालू होती, किंवा शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. या माहितीतून महिना बराचसा अचूक काढता येतो. मात्र ॲपला तारीखच हवी असते आणि चौकट रिकामी ठेवली तर ते पुढे सरकत नाही. मग कोणी १ जानेवारी टाकते, कोणी १ जून. आईने सांगितलेली खरी माहिती त्या चौकटीत शिरायच्या आधीच हरवते. ‘तारीख अंदाजे, आधार शिमग्याचा’ एवढे लिहायची सोय सगळ्यांच्या फॉर्ममध्ये एकसारखी असती, तर वयाच्या चुकीचा अंदाज तरी बांधता आला असता.

पण या भागाचा खरा कस लागतो तो दिवाळीनंतर. भात झोडून झाले की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. कोणी तालुक्यातच, कोणी भिवंडीकडे, कोणी घाट चढून, कोणी राज्याबाहेर. मुकादमाची उचल घेतलेली असते, लहान मुले बरोबरच जातात. शिमग्याला काही जण येऊन परत जातात, बाकीचे पावसाच्या तोंडाशी येतात. म्हणजे वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस मूल वाडीत नसते. संशोधनाच्या भाषेत ते ‘संपर्क तुटला’ या खान्यात जाते आणि विश्लेषणातून गळते. जी मुले सर्वाधिक धोक्यात असतात नेमकी तीच गळतात, आणि राहिलेल्यांच्या आकड्यांवर प्रकल्प यशस्वी ठरतो. माझ्या मते ही केवळ तांत्रिक उणीव नाही, हा त्या मुलांवरचा अन्याय आहे.

यावर उपाय अशक्य नाही, हे क्षयरोगाच्या निक्षय प्रणालीने दाखवले आहे. २०१२ पासून चालू असलेल्या या प्रणालीत रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर उपचाराची जबाबदारी तिकडे वर्ग करता येते. राज्याच्या महिला व बालविकास विभागानेही स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली २०२१च्या अखेरीस सहा जिल्ह्यांत सुरू करून पाहिली. जवळचा पालघर त्यात होता, रायगड नव्हता. पण या दोन्ही सोयी त्या त्या योजनेपुरत्या आहेत. क्षयाचे औषध घेणारी आई आणि तिचे कुपोषित मूल एकाच झोपडीत राहतात, एकाच टेम्पोतून भट्टीवर जातात, तरी नोंदींच्या जगात त्यांची गाठ पडत नाही.

फोन नंबर हीच ओळख धरू, असे शहरातून येणारे अभ्यासक सहज सुचवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रिया देशात साधारण ५४ टक्के निघाल्या. वाडीत घराचा फोन असतो, तो गड्याच्या खिशात असतो आणि रिचार्ज संपला की नंबरही बदलतो. ज्या संशोधनाचा सगळा भार आईच्या फोनवर पाठवलेल्या संदेशांवर असतो, त्याला ती आईच पुष्कळदा सापडत नाही.

रेंजचा प्रश्न तर आहेच. डोंगरालगतच्या वाड्यांत नेटवर्क एखाद्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी किंवा शाळेच्या गच्चीवर तेवढे मिळते. सेविका दिवसभर कागदावर लिहिते आणि संध्याकाळी टाकीपाशी उभी राहून तेच पुन्हा फोनमध्ये चढवते. फोन हँग झाला की उद्या परत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले तेव्हा पुष्कळांना ते कामचुकारपणाचे वाटले. त्यांचे म्हणणे साधे होते: फोन निकृष्ट आहेत आणि ॲप इंग्रजीत आहे. जिने नोंद करायची तिलाच ती वाचता येत नसेल, तर ती नोंद कोणासाठी? संशोधनाच्या कच्च्या मालाचा दर्जा या बाईच्या हातात असतो. तिला न विचारता बांधलेली कोणतीही डिजिटल इमारत डळमळीतच राहणार.

आपल्याच जिल्ह्यात याचा धडा फार आधी गिरवला गेला होता. रायगडला कुलाबा म्हणत त्या काळात, १९७०च्या दशकात, डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यात मांडव्याच्या परिसरातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावातली बाई आपल्या गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवले. स्थानिक सत्ताधाऱ्यांना आणि यंत्रणेला तो रुचला नाही आणि तो बंद पडला. विज्ञान बरोबर असले तरी स्थानिक मालकीचा प्रश्न सुटलेला नसेल तर प्रयोग टिकत नाही, ही त्यातली महागात मिळालेली शिकवण. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेत गावोगावच्या जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद उभी केली आणि त्या पायावर घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले त्याचे निष्कर्ष जगाने मानले, कारण प्रत्येक बाळाचा जन्म आणि मृत्यू मोजला गेला होता. पुण्याजवळ वढू येथे केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ पासून गावांच्या लोकसंख्येची सतत नोंद ठेवली आहे, आणि एकाच नोंदीवर अनेक अभ्यास उभे राहिले.

मला या सगळ्यांत जास्त मोलाचा वाटतो तो २००१चा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल. महाराष्ट्रातल्या १३ संस्था एकत्र आल्या, त्यांनी बालमृत्यूची व्याख्या एक ठरवली, नोंदीची पद्धत एक ठरवली आणि आपापल्या भागात दोन वर्षे मोजणी केली. सरकारी नोंदींत येणारे बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा किती कमी आहेत हे उघडे पडले आणि विधिमंडळापासून मंत्रालयापर्यंत खळबळ उडाली. तेव्हा स्मार्टफोन नव्हता. होता तो तेरा संस्थांमधला करार: आपण एकाच मापाने मोजू. आज प्रत्येकीच्या हातात फोन आहे आणि तो करार मात्र नाही.

जगातही हा प्रश्न ओळखला गेला आहे. डेबोरा एस्ट्रिन आणि आयडा सिम यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडणी केली की मोबाईल-आरोग्याची प्रत्येक यंत्रणा वरपासून खालपर्यंत स्वतंत्र बांधणे थांबवा. मधला एक थर सर्वांनी मिळून खुला ठेवा. त्याच्यावर हवी तितकी ॲप उभी राहू देत, त्याच्याखाली हवे ते उपकरण लागू दे. त्या विचारातून तयार झालेल्या माहितीच्या आराखड्यांवर आधारलेले आयईईईचे १७५२.१ हे मानक २०२१ मध्ये आले. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८च्या सुमारास सुरू झालेले ओपन डेटा किट रेंज नसतानाही फॉर्म भरू देते आणि ते कोणीही फुकट वापरू शकते. युगांडाच्या आरोग्य मंत्रालयाने तर जानेवारी २०१२ मध्ये नव्या डिजिटल-आरोग्य प्रयोगांना स्थगितीच दिली, कारण प्रयोगांची गर्दी झाली होती आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. आपल्या दोन तालुक्यांत स्थगितीची वेळ येऊ नये. पण त्या निर्णयामागचा वैताग इथल्या कोणत्याही आशाताईला समजावून सांगावा लागणार नाही.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन आणि १४ आकडी आभा क्रमांक आल्यावर आता वेगळे काय हवे, असे काही जण विचारतात. आभा उपयोगाचे आहे. दवाखान्यात गेलेल्या माणसाचे कागद एकत्र ठेवण्यासाठी ते आहे. संशोधनाचा प्रश्न मात्र दवाखान्यात न गेलेल्या माणसापासून सुरू होतो. वाडीत पाच वर्षांखालची मुले एकूण किती, हे कळल्याशिवाय आजारी किती याला अर्थ नाही. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्या दिवसांत पायथ्याशी सतत विचारला जाणारा प्रश्न होता: त्या रात्री वर कोण कोण होते? काही मुले आश्रमशाळेत होती, काही माणसे कामाला बाहेर होती. माणसे कुठे आहेत याची जिवंत यादी ही आपत्तीतही लागते आणि संशोधनातही. ती दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेतून मिळत नाही, आधारच्या केंद्रातूनही नाही. ज्या कातकरी कुटुंबांकडे कागदपत्रे अपुरी आहेत, ती कागदावर चालणाऱ्या प्रत्येक यादीतून आधी सुटतात.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे आणि तो मी हलका मानत नाही. सर्व नोंदी जोडल्या तर गरीब माणसावर पाळत ठेवण्याचे हत्यारच तयार होणार नाही का? ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले, त्या कातकऱ्यांना यादी या गोष्टीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संशोधनाला सवलत दिली आहे, मात्र त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाता कामा नये अशी अट आहे. ही अट सामाईक यंत्रणेच्या बांधणीतच बसली पाहिजे. नाव-पत्ता एका कुलपात, आजाराची नोंद दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका हातात नाहीत. रेशन, वनपट्टा, पोलीस यांपैकी कशासाठीही ही माहिती वापरायची नाही. मला तर वाटते, आजची विखुरलेली अवस्थाच जास्त धोकादायक आहे. कोणत्या संस्थेच्या कोणत्या सर्व्हरवर वाडीतल्या बायकांच्या पाळीची, गर्भपाताची, दारूची माहिती पडून आहे, हे आज कोणी सांगू शकत नाही.

आणि संमती कोणाची? कर्जत-खालापुरात आदिवासी मोठ्या संख्येने असले तरी रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पेसा कायद्याने गडचिरोली किंवा पालघरच्या वाडी-पाड्यावरच्या ग्रामसभेला मिळालेले अधिकार इथे नाहीत. बऱ्याच वाड्या गटग्रामपंचायतीत येतात, तिथे त्यांचा आवाज बारीक असतो. अभ्यासक सरपंचाचे पत्र घेतो, मग घरोघरी अंगठे घेतो, आणि संमती झाली म्हणतो. ज्या वाडीची माहिती आहे त्या वाडीची बैठक, तिच्या बोलीत, बायकांसह, आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा ठेवून, ही अट कायद्याने नसली तरी सामाईक यंत्रणेच्या नियमात घालता येते. निष्कर्ष आधी तिथे सांगायचे, मग नियतकालिकात छापायचे, हा दुसरा नियम.

खर्चाचे म्हणाल तर पैसा आजही खर्च होतोच आहे, फक्त तो पुनःपुन्हा त्याच कामावर होतो. प्रत्येक नवा अभ्यास वाड्यांची यादी नव्याने करतो, फॉर्म नव्याने बनवतो, नोंद घेणाऱ्या मुलींना नव्याने शिकवतो. त्यातला ठरावीक वाटा सामाईक खात्यात जमा करण्याची अट घातली, तर एक छोटा कायमचा चमू पोसता येईल: माहिती सांभाळणारे दोघे-तिघे, फोन दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ आणि वाड्यांतूनच निवडलेल्या, नियमित मानधन मिळणाऱ्या बायका, ज्या महिन्याकाठी यादी ताजी करतील. घर जिल्हा परिषदेचे, शास्त्राची देखरेख अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची, पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा सहभाग, आणि नियामक मंडळात निम्म्या जागा वाड्यांच्या. मोजमापांचा शब्दकोश मराठीत आणि खुला. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालये, कळंब, खांडस, आंबिवली, लोहोपसारखी प्राथमिक केंद्रे यांच्याशी तो जुळलेला. सेविकेने एकदा भरले की पुन्हा कोणी तिला तेच भरायला लावायचे नाही. हे दोन तालुक्यांत होऊ शकते, कारण माणसे मोजकी, अंतरे आटोक्यातली आणि मुंबई-पुण्याच्या संस्था हाताशी आहेत.

याची सुरुवात सरकारी निर्णयाची वाट न पाहताही होऊ शकते, आणि ती करणे संशोधन संस्थांच्या नीतिसमित्यांच्या हातात आहे. कर्जत-खालापूरचा कोणताही प्रस्ताव तुमच्यापुढे आला तर मंजुरीआधी अर्जदाराला एवढे विचारा: आधीच्या कोणत्या यादीवर तुम्ही काम करणार, तुमचा फॉर्म आणि मोजमापांच्या व्याख्या खुल्या ठेवणार का, भट्टीवर गेलेल्या मुलाचे काय करणार, आणि अभ्यास संपल्यावर ही माहिती या तालुक्यात कोणाकडे राहणार? उत्तरे नसतील तर प्रस्ताव परत पाठवा.